दहावीचं सर्टिफिकेट आणि परदेशाची वाट

आज थोडा इतिहास सांगणार आहोत. राजांचा आणि लढायांचा नाही, एका कागदाचा. तो कागद आपल्या सगळ्यांच्या घरी आहे. कुणाच्या पत्र्याच्या पेटीत, कुणाच्या गादीखाली, कुणाच्या माहेरी माळ्यावर. दहावीचं मार्कशीट आणि बोर्डाचं सर्टिफिकेट.

हा विषय आमच्या बैठकीत कसा आला ते आधी सांगतो. गटातल्या एका ताईंची मुलगी जीएनएम नर्स आहे. तिने चार वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात काम केलं. मग तिला आखाती देशातल्या एका हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली. मुलाखत झाली, पगार ठरला, पत्रही आलं. गटात पेढे वाटले आम्ही. नंतर व्हिसासाठी कागद मागितले आणि तिथे गाडी अडली. दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर आणि पासपोर्टवर सासरचं नाव. त्यात मार्कशीटवर इंग्रजीत नावाचं एक अक्षर जास्त. ही तिन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करण्यात साडेतीन महिने गेले. तोवर ती जागा भरली.

ताई बैठकीत म्हणाल्या, "पोरगी शिकली ते खरं ना? मग खरं आहे हे दाखवायला एवढं का लागतं?"

आम्ही गप्प बसलो, कारण उत्तर आमच्याकडे नव्हतं. मग आम्ही वाचायला बसलो. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतोय.

पहिली गोष्ट अशी, की परदेशी कामाला जाताना शिक्षण विचारायची रीत फार जुनी नाही. १८३४ सालापासून आपल्या देशातले मजूर करारावर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत जाऊ लागले. पुढे त्रिनिदाद, गयाना, नाताळ, फिजी इथेही गेले. त्यांना गिरमिटिये म्हणतात. मॉरिशसला गेलेल्यांत मराठी माणसंही होती, कोकणातली होती. तिथे आजही मराठी भाषिक समाज आहे आणि गणपती बसवतो. अशा मजुरांच्या पासवर काय लिहिलेलं असायचं? नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, गाव, जिल्हा आणि अंगावरची खूण. कपाळावर व्रण, हातावर गोंदण. शाळेचा रकानाच नव्हता. मळेवाल्याला राबणारे हात हवे होते, आणि माणूस ओळखायला अंगावरची खूण पुरत होती.

मग शिक्षण कधी विचारायला लागले? ऐकून आश्चर्य वाटेल, पण ते आधी आपल्याला बाहेर ठेवण्यासाठी विचारलं गेलं. १८९७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये कायदा झाला. गांधीजी तेव्हा तिथेच वकिली करत होते. हिंदी लोकांनी येऊ नये असं तिथल्या गोऱ्यांना वाटत होतं, पण कायद्यात तसं उघड लिहिणं ब्रिटिश सरकारला नको होतं. म्हणून युक्ती केली. येणाऱ्याला एखाद्या युरोपी भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, अशी अट घातली. १९०१ साली ऑस्ट्रेलियाने तीच युक्ती पुढे नेली. बंदरावरचा अधिकारी एखाद्या युरोपी भाषेतला पन्नास शब्दांचा मजकूर वाचून दाखवणार आणि आलेल्याने तो लिहायचा. भाषा कोणती ते अधिकारी ठरवणार. नको असलेला माणूस इंग्रजीत हुशार निघाला तर त्याला दुसऱ्याच भाषेत लिहायला लावता येत होतं. ही परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात होती.

म्हणजे बघा, शिक्षणाची अट नेहमी शिक्षणाविषयीच असते असं नाही. दारात कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायचं ते एक साधन असतं.

त्याच काळात आपल्याकडच्या दोन बाया शिकायला परदेशी गेल्या. त्या नोकरीसाठी गेल्या नव्हत्या, पण कागदाचा प्रश्न त्यांनाही आडवा आला, म्हणून त्यांची आठवण काढतो. पहिल्या आनंदीबाई जोशी. माहेरची यमुना, लग्नानंतर आनंदी. १८८३ साली त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात गेल्या. तिथे प्रवेश मागताना त्यांच्या हातात शाळा-कॉलेजच्या प्रमाणपत्रांची चळत नव्हती. ती असणार तरी कशी? मुलींना तेव्हा शाळा किती मिळत होती? त्यांनी पत्र लिहून आपली तयारी आणि जिद्द सांगितली, आणि कॉलेजने त्यांना घेतलं. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाचं काम त्यांना मिळालं होतं, पण ते करण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. वय एकवीस.

दुसऱ्या कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पहिल्या नंबरात आल्या. अशा विद्यार्थ्याला विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. यांना मिळाली नाही, कारण त्या बाई होत्या. शेवटी विलायतेतल्या काही जणींनी पैसे उभे केले आणि त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं. परीक्षा १८९२ ला आणि पदवी हातात आली १९२२ ला. तीस वर्षं! अभ्यास तोच, पेपर तेच, नुसता कागद नाही.

एकीकडे कागद नव्हता तरी दार उघडलं. दुसरीकडे शिक्षण पुरं असूनही कागद अडवून ठेवला. ताईंनी विचारलं होतं, "शिकली ते खरं ना?" मैत्रिणींनो, खरं असणं आणि मानलं जाणं यात तेव्हाही अंतर होतं.

आता स्वातंत्र्यानंतरचं बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते. कॉमनवेल्थमधल्या देशांतून लोक मोकळेपणाने जात होते. १९६२ साली ब्रिटनने कायदा करून त्याला आवर घातला आणि कामाची व्हाउचर सुरू केली. तीन प्रकारची. नोकरी आधीच ठरलेल्यांसाठी एक, तिथे कमी पडणारं कौशल्य किंवा शिक्षण असलेल्यांसाठी दुसरं, आणि बाकीच्यांसाठी तिसरं. दुसऱ्या प्रकारात डॉक्टर, नर्स, शिक्षक येत होते. तिसरा प्रकार काही वर्षांतच बंद झाला. अमेरिकेने १९६५ साली कायदा बदलला आणि शिकलेल्या, कसबी माणसांसाठी वेगळी वाट ठेवली. इथून चित्र पालटलं. पूर्वी शिक्षण विचारून हाकलत होते, आता शिक्षण विचारून बोलवायला लागले. पण ते मोजायचं माप त्यांच्याच हातात राहिलं. १९७५ साली ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने भारतातल्या डॉक्टरी पदव्यांची थेट मान्यता काढली आणि बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांसाठी परीक्षा ठेवली. पदवी देणारं कॉलेज तेच, शिक्षक तेच. रातोरात तोच कागद अपुरा झाला.

आपल्या खेड्यापाड्यांशी ज्याचा जास्त संबंध, तो भाग आता. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या. आखाती देशांत पैसा आला. रस्ते, इमारती, हॉस्पिटलं उभी राहायला लागली आणि माणसं हवी झाली. केरळातून गेली, आंध्रातून गेली, आपल्या रत्नागिरी-रायगडातून आणि गोव्यातूनही गेली. कितीतरी जणांना एजंटांनी लुबाडलं. सांगितलेलं काम एक, दिलेलं दुसरं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. तोवर आपल्याकडे इंग्रजांच्या वेळचा १९२२ चा स्थलांतराचा कायदा चालू होता. तो बदलून १९८३ साली नवा इमिग्रेशन कायदा आला. मजुराने ठरावीक देशांत जाण्यापूर्वी प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची. नोकरीचा करार काय, पगार किती, नेणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे त्याने तपासायचं.

ही मंजुरी कुणाला लागते आणि कुणाला नाही, हे बऱ्याच अंशी शिक्षणावर ठरतं. इथे आपलं दहावीचं सर्टिफिकेट मधे येतं. पासपोर्ट काढताना दहावी पास असल्याचा पुरावा दिला, तर पासपोर्ट नॉन-ईसीआर होतो. पुरावा नसला, तर साधारणपणे पासपोर्टवर ईसीआर छापून येतं. ईसीआर म्हणजे कामासाठी जाण्याआधी मंजुरी आवश्यक. असे अठरा देश आहेत. सौदी, यूएई, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया हे त्यातलेच.

आणि बायकांसाठी एक अट जास्तीची आहे. ईसीआर पासपोर्टवर या देशांत कामाला जाणाऱ्या बाईचं वय किमान तीस हवं. घरकामाला नेलेल्या तरुण मुलींचे फार हाल झाले, त्यातून ही अट आली. हेतू रक्षणाचा आहे. पण दुसरी बाजूही बघा. पंचवीस वर्षांची बाई, शाळा नववीत सुटली, तिला सरळ वाट बंद. मग एजंट म्हणतो, "टुरिस्ट व्हिसावर चला, पुढचं मी बघतो." ती जाते, आणि तिथे तिची कुठेच नोंद नसते. म्हणजे ज्या मंजुरीने तिचं रक्षण व्हायचं, त्या मंजुरीच्या बाहेरच ती पडते. नववी आणि दहावी यांच्यात एका वर्षाचं अंतर आहे, पण विमानतळावर ते एवढं मोठं होतं.

नर्सबाईंचा नियम आणखी वेगळा. नर्स भरतीत मोठे घोटाळे झाले, म्हणून २०१५ पासून या देशांत जाणाऱ्या नर्सला नॉन-ईसीआर पासपोर्ट असला तरी मंजुरी लागते, आणि भरती सरकारने ठरवून दिलेल्या संस्थांमार्फतच व्हायला हवी. कुणी "मी थेट लावून देतो" म्हणालं, तर तिथेच सावध व्हा.

आता शिक्क्यांकडे येऊ. आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्या बायांना आठवत असेल, पूर्वी मार्कशीटच्या झेरॉक्सवर गॅझेटेड अधिकाऱ्याचा 'खरी प्रत' असा शिक्का लागायचा. त्यासाठी आपण ओळख काढत फिरायचो. २०१४ च्या सुमारास सरकारने बऱ्याच कामांसाठी ती पद्धत सोडली आणि आपणच सही करून दिलेली प्रत चालायला लागली. सोय झाली. पण परदेशात आपली सही कोण ओळखणार? तिथे अजूनही साखळी लागते.

ही साखळी अशी. समजा आपल्या दहावीच्या सर्टिफिकेटवर बोर्डाच्या अधिकाऱ्याची सही आहे. ती खरी आहे असं राज्य सरकारचं खातं सांगतं. राज्याची सही खरी आहे असं दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय सांगतं. मंत्रालयाची सही खरी आहे असं त्या देशाचा दूतावास सांगतो. आणि तिथे पोचल्यावर त्यांचं मंत्रालय पुन्हा एकदा बघतं. एकाने दुसऱ्याची ओळख द्यायची. आपल्याकडे सोयरीक जुळवताना मामाने मावशीची, मावशीने शेजारणीची खात्री द्यावी तसं.

ही साखळी छोटी करायला ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हॉलंडमधल्या हेग शहरी एक करार झाला. करारातल्या देशांनी ठरवलं, की कागद निघाला त्या देशाने एकच ठरावीक शिक्का मारायचा, आणि बाकीच्या देशांनी तो मानायचा. दूतावासाची गरज नाही. त्या शिक्क्याला अपोस्टिल म्हणतात. भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी. तोवर आपले लोक दूतावासांच्या रांगेत उभे राहत होते. ओमान २०१२ साली करारात आला, बहारीन २०१३ साली, सौदी २०२२ च्या डिसेंबरात, कॅनडा २०२४ च्या जानेवारीत. यूएई, कतार, कुवेत अजून बाहेर आहेत, त्यामुळे तिथे जुनी लांब साखळीच चालते. कुठल्या देशात जायचं त्यावर शिक्का ठरतो. अपोस्टिलची परराष्ट्र मंत्रालयाची फी कागदामागे फक्त ५० रुपये आहे. कागद जमा करून घेणाऱ्या अधिकृत एजन्सीचा आकार वेगळा. आमच्याकडे एकाने एका सर्टिफिकेटचे बारा हजार सांगितले होते. कशाचे किती, हे लिहून मागितल्यावर तो पुन्हा फिरकला नाही.

शिक्का मिळाला म्हणजे झालं का? नाही. शिक्का एवढंच सांगतो, की कागदावरची सही खरी आहे. त्या शिक्षणाची किंमत तिथे किती, हे तो सांगत नाही. ते वेगळं मोजतात. आमच्या गटात बीए झालेल्या आहेत. आपल्याकडे दहावी, बारावी आणि पुढे तीन वर्षं. अमेरिकेत पदवी चार वर्षांची. त्यामुळे तिथल्या एच-१बी व्हिसासाठी आपली तीन वर्षांची पदवी एकटी कमी पडू शकते. मग कामाचा अनुभव जोडतात. तीन वर्षांचं काम म्हणजे एक वर्षाचं शिक्षण, असा त्यांचा हिशोब आहे. जर्मनीने २०१२ साली बाहेरच्या शिक्षणाची आपल्याशी तुलना करून मान्यता देण्याचा कायदा केला. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, तेव्हा गावागावात चर्चा झाली. नर्सिंगसारख्या कामात तिथे नुसतं सर्टिफिकेट बघत नाहीत. कोणत्या विषयाचे किती तास शिकलात, प्रात्यक्षिक किती केलं, हेही बघतात. म्हणून नर्सिंग स्कूलमधून अभ्यासक्रमाचा तपशील आणि तासांचा दाखला निघतानाच घेऊन ठेवावा. दहा वर्षांनी ती शाळा सापडेलच असं नाही.

आता परत ताईंच्या मुलीकडे. तिचं शिक्षण खरं होतं, शिक्के मिळाले असते, मान्यताही मिळाली असती. अडलं ते नावाशी. हा त्रास पुरुषाला सहसा होत नाही. त्याचं नाव जन्मापासून एकच. आपलं मात्र लग्नात बदलतं. कुणाचं आडनाव आणि मधलं नाव, कुणाचं तर तांदळात लिहून अख्खं नावच. यमुनेची आनंदी झाली तो काळ गेला म्हणतो, पण रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं, मार्कशीटवर तिसरं, हे आपल्याच घरात आहे. त्यात आपल्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. परदेशातल्या कारकुनाला त्यातलं आपलं नाव कोणतं तेच कळत नाही.

लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. हे आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीत नव्हतं. ज्या नावाने शिकलो त्याच नावाने पासपोर्ट काढता येतो. ताईंच्या मुलीला हे कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर साडेतीन महिने वाचले असते. ज्यांनी नाव बदललंय त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला काढावा, नावबदलाचं गॅझेट करून ठेवावं. नोकरीचं पत्र आल्यावर धावू नये, आज करावं.

आमच्या गटाने एक केलं. एका रविवारी सगळ्या आपापल्या पेट्या घेऊन आल्या. छत्तीस जणी. प्रत्येकीने स्वतःचे आणि मुलींचे कागद सतरंजीवर मांडले. कुणाकडे शाळा सोडल्याचा दाखला होता, त्यालाच ती दहावीचं सर्टिफिकेट समजत होती. दोन्ही वेगळे. एक शाळा देते, दुसरं बोर्ड. नऊ जणींनी बोर्डाचं सर्टिफिकेट शाळेतून कधी आणलंच नव्हतं. कुणाचं वाळवीने खाल्लेलं. एकीचं तिच्या भावाने माहेरी कुलुपात ठेवलेलं, मागितलं तर देत नाही. दोन आज्या अकरावी मॅट्रिकच्या निघाल्या. जुन्या पद्धतीत मॅट्रिक अकरावीला असायची. त्यांच्या सुनांनाही ते ठाऊक नव्हतं.

मग आम्ही एका वहीत रकाने आखले. नाव, मार्कशीटवरचं नाव, आधारवरचं नाव, फरक काय, दुरुस्ती कुठे. हरवलेल्यांचे दुसऱ्या प्रतीसाठी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज केले. ज्या मुली आत्ता नववी-दहावीत आहेत, त्यांच्या आयांना सांगितलं, बोर्डाचा फॉर्म भरताना शाळेत जाऊन नावाचं इंग्रजी स्पेलिंग स्वतः बघा. वाचता येत नसेल तर आमच्यातल्या कुणाला न्या. त्या एका अक्षराची दुरुस्ती शाळेत असताना सोपी असते. नंतर वर्षं जातात.

आणि गटाच्या बचतीतून कागदपत्रांसाठी छोटं कर्ज द्यायचं ठरवलं. बी-बियाणाला देतो, शेळीला देतो, तसं सर्टिफिकेटला. या कर्जाची पहिली अर्जदार ताईंची मुलगीच. तिचं गॅझेट झालंय, मार्कशीटची दुरुस्ती बोर्डाकडे आहे. ती पुन्हा अर्ज करणार आहे.

तुमच्या गटातही असा एक रविवार काढा. आजचं बोलणं इथेच थांबवतो.